दोनशे बारावी ओळ

४ डिसेंबर, दुपार

दादा,

'प्रिय' लिहावं की नाही यात तीन कागद गेले. मग शाळेत शिकवलेलं 'पत्र लिहिण्यास कारण की' घेतलं, तर तिथेच पेन थांबलं, कारण कारण सांगायचं नव्हतं. शेवटी नुसतं दादा लिहिलं. तेवढं तरी खरं आहे.

हे पत्र तुझ्याआधी तुमच्याकडचे कोणी साहेब वाचतील. त्यांनाही नमस्कार. अक्षराला हसू नये, ते लहानपणापासून असंच आहे.

मी आईच्या घरी बसले आहे. दर रविवारी येते, एक कपाट उघडते, एखादी वस्तू बाहेर काढते आणि ती हातात धरून बसून राहते. आज सकाळपासूनचं काम म्हणजे चष्म्याचं एक घर कपाटातून टेबलावर आलं. गेले नऊ दिवस इथे धुकं आहे. सकाळी पडून दहाला उठणारं नव्हे, मुक्कामाला आलेलं. खिडकीसमोरची पाण्याची टाकी कधी असते, कधी नसते. खालून जाणाऱ्या माणसांचे आवाज आधी येतात, माणसं मागून. मला तर मधूनच वाटतं की हे घर आई गेल्यावर जागचं सुटलंय आणि सावकाश कुठेतरी वाहत चाललंय, आणि मी त्यात बसून कपाटं आवरते आहे.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. आमची संस्था पाचव्या मजल्यावर आहे, आम्ही नऊ माणसं. आम्ही कोणाला पकडत नाही, सोडत नाही, शिक्षा देत नाही. आम्ही वाचतो, मोजतो आणि वीस वीस पानांची टिपणं लिहितो. ती टिपणं कायदे करणाऱ्यांच्या समितीकडे जातात. वर्षभराने एखाद्या नियमात आमचं वाक्य जसंच्या तसं दिसतं, खाली सही दुसऱ्याची. आमच्या संचालकबाई म्हणतात, "आपण बोलत नाही गं, आपण कानाशी लागतो."

मुदतीआधी सुटण्यासाठी चाळीसपैकी तीस गुण लागतात, हे तुला माहीत असणारच. त्या गुणांचा तक्ता आमच्याकडे तयार झाला. तुरुंग कर्मचाऱ्यांच्या संघाने वागणुकीसाठी पंधरा गुण भांडून घेतले. ज्यांची माणसं मारली गेली त्यांच्या संघटनेने पश्चात्तापासाठी पंधरा घेतले. उरलेले दहा आम्ही मागितले, कुटुंबाशी संपर्कासाठी. ज्याला भेटायला माणसं येतात तो सुटल्यावर सहसा पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाही, असं आमच्या वीस पानांत होतं. शेवटच्या पाच वर्षांतल्या दर भेटीला एक गुण. पत्राला अर्धा, पण पत्रांचा सगळा मिळून एकच.

वीस फेब्रुवारीच्या सुनावणीची यादी आमच्याकडे तपासायला आली आहे. नावं काढलेली असतात. दोनशे बारावी ओळ: पुरुष, वय एक्कावन्न, कारखान्यातल्या भांडणात लोखंडी पाना, एकाचा मृत्यू, शिक्षेचं बारावं वर्ष, काम रोपवाटिकेत. नाव खोडलं तरी माणूस उरतोच की रे. वागणूक आणि पश्चात्ताप मिळून सत्तावीस. संपर्काच्या रकान्यात शून्य.

कामाच्या धबडग्यात येणं झालं नाही. नऊ वर्षं म्हणजे धबडगा जरा जास्तच झाला, कळतं मला.

हे पत्र मी तुला लिहिते आहे की तक्त्याला, ते विचारू नकोस. सकाळपासून मी स्वतःला तेच विचारते आहे, पण उत्तर देणारी बाई जागेवर नाही.

तुझी
मास्तरीण (अजून म्हणतोस का?)


१९ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड आलं. "पत्र पोचलं. अर्धा गुण जमा. बाकीचे अडीच कुठून आणणार, मास्तरीण?"

म्हणजे अजून म्हणतोस.

कार्डाचा कोपरा ओला होऊन वाळलेला होता आणि त्याला मातीचा बोटाएवढा डाग होता. तो मी बराच वेळ बघत बसले. लाजेची गोष्ट सांगते, मी तो हुंगलाही.

हे दुसरं पत्र. अर्धा आणि अर्धा एक, म्हणजे अठ्ठावीस झाले. यापुढच्या पत्रांना काही मिळणार नाही.

काल दुपारी आईच्या खुर्चीत माझा डोळा लागला. एक लांबच लांब खोली होती, धुकं खिडकीतून आत येऊन माणसांसारखं बाकांवर बसलं होतं. मी हातात कागद घेऊन त्यातून चालत होते आणि दोन्ही बाजूंना खुणा करत होते. जिथे खूण करावी तिथलं धुकं विरायचं. मग आई आली. बूट ओले, त्यांना लाल माती. ती माझ्याकडे न बघता समोरून गेली, घाईत नाही, बाजारात जावं तशी. हाक मारणार तेवढ्यात लक्षात आलं की माझ्या कागदावर तिच्यासाठी जागाच नाही. जाग आली तेव्हा टाकी दिसत नव्हती.

आईचे बूट खरंच ओले असायचे. महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी ती "जाऊन येते" म्हणायची. कुठे ते मी विचारायची नाही, तीही सांगायची नाही. आमच्या दोघींचं त्या बाबतीत छान जमलं होतं.

तक्ता कसा झाला ते सांगते, मग मला तुला एक विचारायचं आहे. तीन तुरुंगांची भेटींची रजिस्टरं गाडीने आमच्याकडे आली होती. ती मोजणारे आमचे गणिती. वय साठ. मोजा हरवला तरी शोधायच्या आधी मोज्यांची सरासरी काढतील असा माणूस. ते म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या तुरुंगातल्या तिसरा हिस्सा ओळी रिकाम्या आहेत. काय धरू?"

"रिकाम्या म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. शून्यसुद्धा नाही. टिंबसुद्धा नाही."

जेवायची वेळ झाली होती. कोणीतरी म्हणालं, शून्य धरा, कोणी आलं असतं तर लिहिलं असतं ना. गणितींनी मान डोलावली आणि सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरलं. जेवून आलो तेव्हा रकाना पूर्ण होता आणि आम्हाला बरं वाटलं. अपुरा रकाना दिसला की आमच्या धंद्यातल्या माणसाला चैन पडत नाही, मग ते कशानेही भरो.

दादा, दुसरा तुरुंग म्हणजे तुझा. आई यायची ना? चार वर्षं तरी यायची. मग तिची एकही भेट कशी नाही?

तुझी


८ जानेवारी

दादा,

आजपासूनच्या पत्रांना गुण नाहीत. हे लिहिलं आणि हात हलका झाला.

"आई वरच्या रजिस्टरात नाही सापडणार. बागेच्या फाटकाशी विचार," एवढंच तू लिहिलंस. म्हणून या मंगळवारी मी तिथे आले होते. संस्थेचं ओळखपत्र गळ्यात घालून, पाहणीसाठी. तुला भेटायला नव्हे.

धुकं इतकं होतं की तुरुंगाची भिंत अर्ध्यातच संपत होती, वर नुसतं पांढरं. बागेच्या फाटकाशी एक हवालदार होते, मिशा पांढऱ्या, हातात थर्मास. मी भेटींच्या नोंदींबद्दल विचारलं.

"नोंद वर. दोन मजले जिना. खिडकीशी सही केली की भेट," ते म्हणाले. "आता सत्तरीच्या बायकांना मी चढवू का वर? एक तर जिन्यातच बसल्या होत्या तासभर. मग इथे बाक टाकला. कैदी रोपवाटिकेत असतातच, ते तिकडून येतात, म्हातारी माणसं इकडून."

"मग त्यांची नोंद?"

"सांगितलं ना, नोंद वर."

"पण माणसं खाली."

"हां. गुडघे खाली आणि रजिस्टर वर."

"हे कोणी कधी विचारलं नाही?"

"तुम्हीच पहिल्या. मागे एक गाडी आली होती रजिस्टरं न्यायला. वरच्या दाराशी लागली, तिथूनच गेली. त्यांना काय, वह्या मिळाल्या."

मी आईचं वर्णन केलं. पुरतं करायच्या आधीच ते हसले.

"निळ्या छत्रीवाल्या? त्या मला म्हणाल्या, टोपीखाली डोकं असेल तर या बाकाला पाठ करून घ्या. आम्ही फळी ठोकली. मग म्हणाल्या, आता हवालदार शोभता." त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "दोघं फार बोलायचे नाहीत. तो रोपांची पानं पुसायचा, त्या बघायच्या. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी संस्थेतून आले आहे."

"ते कळलं. त्यांच्या कोण?"

मी म्हणाले, कोणी नाही.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझं नाक आईचं आहे, हे तुला माहीत आहे.

तू आत होतास. राखाडी स्वेटर, हातात झारी. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीकडे जात होतास आणि धुक्यात पाय दिसत नसल्याने जमिनीला न टेकता चालल्यासारखा दिसत होतास. केस पांढरे झालेत तुझे. मी हाक मारली नाही. झारीतलं पाणी संपेपर्यंत उभी होते, मग निघाले.

आता गुण नसलेल्या पत्रात लिहायचं ते लिहिते.

'कोणीतरी म्हणालं, शून्य धरा' असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते मी म्हणाले. तुमच्या तुरुंगाचं रजिस्टर माझ्यापुढे उघडं होतं. तुझी ओळ मी आधीच शोधली होती, बोट ठेवून. रिकामी होती. आई दर महिन्याला जाते हे मला माहीत होतं, तिचे बूट त्याच आठवड्यात मी पुसले होते. म्हणजे ते रजिस्टर अर्धवट आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं. संस्थेत लागताना एक फॉर्म होता: जवळचं कोणी शिक्षा भोगत आहे का? मी 'नाही' लिहिलं होतं. तुला भेटणं थांबलं ते त्या दिवसापासून. माझं नाव ज्या रजिस्टरात आलं असतं तीच रजिस्टरं वाचायची माझी नोकरी होती. धबडगा वगैरे काही नव्हता.

आई गेली तेव्हाही तुला तुमच्या साहेबांकडून कळवलं, पत्र लिहून नाही, नुसत्या फोनवरून, नाव न सांगता.

आता पुढचं. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. सुनावणीआधी पंधरा-पंधरा दिवसांनी दोन भेटी बसतात. मी दोनदा आले, जिना चढून सही केली, की तुझे तीस होतात आणि वीस तारखेला तू बाहेर. कोणाला काही सांगायला नको. पण यादीत तुझ्यासारख्या रिकाम्याचं शून्य झालेल्या एकसष्ट ओळी आहेत. वीस तारखेला जे नापास होतील त्यांना तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही, म्हणजे तुला सोडवून मग सांगितलं तर त्यांच्यासाठी उशीर झालेला असेल. आणि आता सांगितलं तर त्या सगळ्या ओळी थांबतील, फाटकावरच्या साक्षी गोळा होतील. ऑक्टोबरपर्यंत तरी. तुझी ओळही थांबेल.

दादा, मी काय करू?


२४ जानेवारी

दादा,

"मला विचारू नकोस. विचारलंस तर दोनदा ये म्हणेन. बारा वर्षं झाली, मी काही संत नाही. तुझं तू ठरव आणि मला नंतर सांग."

हे कार्ड पर्समध्ये घेऊन मी आठ दिवस फिरले. ऑफिसात, रस्त्यात, आईच्या खुर्चीत. डोळे मिटले की तू रिकामी झारी घेऊन उभा दिसायचास आणि तुझ्यामागे धुक्यात साठ माणसं, सगळी राखाडी, कोणाला चेहरा नाही. मी एकेकाला म्हणायची, जरा बाजूला व्हा, मला माझा भाऊ दिसत नाही. आणि ती निमूट बाजूला व्हायची. ते निमूट होणं मला सहन होईना.

काल सकाळी संचालकबाईंना सगळं सांगितलं. फाटक, बाक, एकसष्ट ओळी. मग फॉर्म, मग तू.

त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाल्या, "फाटकाचं सांगितलंस. भावाचं तू मला सांगितलंच नाहीस, असं धरूया का?"

"आत्तापर्यंत तसंच धरलं होतं, बाई."

"तुला कळतंय ना? उद्या म्हणतील, बहिणीने भावासाठी आकडे फिरवले. तुझं सोड, तक्त्याचंच हसं होईल."

"मी लपवलं आणि त्यांनी शोधून काढलं, तर जास्त होईल."

"शोधेल कोण?"

"मी शोधलं ना."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा भाऊ वीसला सुटू शकतो, हे तरी कळतंय का?"

ते मला त्या खोलीतल्या कोणापेक्षाही जास्त कळत होतं. मी हो म्हणाले.

दुपारी समितीकडे टीप गेली. गणितींच्या सहीने, सोबत माझं दोन पानी निवेदन. सही करताना गणिती म्हणाले, "त्या दिवशी मी विचारलं होतं हो, काय धरू." "विचारलं होतंत," मी म्हणाले. "मग 'माहीत नाही' धरायला हवं होतं. पण त्याची बेरीज होत नाही," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी ठरवलं, दादा. तू म्हणालास म्हणून सांगते आहे. तुला न विचारता ठरवलं, असं मला म्हणता येणार नाही, कारण विचारलं होतं आणि तुझं उत्तर मला कळलं होतं.

तुझी


१६ मार्च

दादा,

सात आठवडे तुझं काही आलं नाही. मीही लिहिलं नाही. लिहायला घेतलं की ते स्वतःच्या समर्थनाकडे वळायचं. डायरीत तसली अकरा पानं भरली आहेत, ती तुला पाठवणार नाही.

धुकं गेलं. एका सकाळी टाकी दिसली, मग रोजच दिसायला लागली. हे घर आहे तिथेच आहे. कपाटं संपली.

समितीत काय झालं ते ऐकीव सांगते, कारण मला आता तिथे बसता येत नाही. कर्मचाऱ्यांच्या संघाला भीती होती की फाटकावरच्या हवालदारांवर कारवाई होईल, म्हणून ते विरोधात होते. आमच्या बाजूने बोलले ते, ज्यांची माणसं मारली गेली त्या संघटनेतले एक मास्तर, त्यांची मुलगी मारली गेली आहे. सगळ्यांना वाटलं होतं ते यादीच रद्द करा म्हणतील. ते म्हणाले, "माझ्या मुलीला ज्याने मारलं त्याची ओळही तुमच्या या एकसष्टांत असेल. तो सुटू नये असंच मला वाटतं. पण खोट्या शून्याने अडकलेला मला नको." तू मारलास त्या माणसाच्या घरचं कोणी त्या संघटनेत आहे का, हे मी कधीही पाहिलेलं नाही. त्यांच्या सभासदांची यादी माझ्या टेबलावर असायची. पाहायला हवी होती.

एकसष्ट ओळी ऑक्टोबरपर्यंत थांबल्या. बाकावर कोण बसायचं ते हवालदार आठवून आठवून सांगताहेत आणि गणिती तिथे खुर्ची टाकून लिहून घेताहेत. संपर्काचा रकाना तोवर बंद आहे, त्या एकसष्टांत कोणालाही भेटीचे नवे गुण नाहीत. मी सध्या संस्थेच्या जुन्या कागदांची यादी करते. महिनाअखेरीला तेही संपेल. त्यानंतर काय ते माहीत नाही, आणि आश्चर्य म्हणजे दुपारी झोप छान लागते.

आणि परवा तुझं कार्ड आलं. "शेजारच्या खाटेवरचे अण्णा तुझ्यावर खूश आहेत. त्यांची बायको सहा वर्षं त्या बाकावर बसली. ते रोज तुझं नाव काढतात. मी खूश नाही."

हे तू लिहिलंस ते बरं केलंस. आठ महिने काही थोडे नाहीत. तू त्यांतला एक एक दिवस मोजणार, आणि त्या प्रत्येक दिवशी मी बाहेर असणार. ते चुकीचं केलं असं मला वाटत नाही. बरोबर केलं म्हणून मला बरं वाटावं, असंही नाही. या दोन्हींच्या मधे कुठेतरी मी राहते आहे आणि तिथे कोणाला बोलवावं अशी ती जागा नाही.

पण येत्या मंगळवारी अकरा वाजता मी येते आहे. जिना चढून येईन, पूर्ण नाव लिहीन, नातं लिहीन. त्याने तुला काही मिळणार नाही आणि माझं काही वाचणार नाही. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. आई गेली त्या आठवड्याचं तुला कोणीच काही सांगितलेलं नाही. विचारलंस तर सांगेन, नाही तर बसून राहू.

राग गेला नसेल तर तो जायची वाट बघू नकोस. रागावलेलाच ये.

तुझी बहीण